एकच वैमानिक आणि बारा सेकंद

होंडाचे ‘एशलॉन’ हे नवे हलके बिझनेस जेट सध्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात आकाराला येते आहे. कमी इंधनात, न थांबता अख्खी अमेरिका ओलांडायची, ४७ हजार फुटांपर्यंत चढायचे आणि हे सगळे एकाच वैमानिकाच्या भरवशावर, असा बेत आहे. पंखांच्या वर इंजिने बसवण्याच्या होंडाच्या युक्तीचे कौतुक करायला इंजिनिअर मंडळी आहेत. माझी नजर अडकली ती त्या ‘एका’वर.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. ४७ हजार फुटांवर तो उरतो साधारण १००. फुप्फुसात त्यातले ४७ पाण्याची वाफ व्यापते आणि ४०च्या आसपास कार्बन डायऑक्साइड. राहिले किती? जेमतेम तेरा. म्हणजे नाकाशी शुद्ध ऑक्सिजन धरला तरी भागत नाही, तो दाबाने आत ढकलावा लागतो. एरवी केबिनमध्ये दाब राखलेला असतो, म्हणून प्रवाशाला याचा पत्ताही नसतो. तो दाब एकदम गेला, तर वैमानिकाच्या हाती शुद्धीचे नऊ ते बारा सेकंद राहतात.

दाब हळूहळू गेला तर मला जास्त धास्ती वाटते. कोविडच्या वॉर्डात ऑक्सिमीटर सत्तर दाखवत असताना खाटेवर बसून फोनवर गप्पा मारणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. ‘मला काही होत नाही, डॉक्टर.’ ऑक्सिजन कमी पडला की आधी जातो तो विवेक. मग धोका ओळखायचा कोणी?

४ जून २०२३ रोजी टेनेसीहून लाँग आयलंडला निघालेल्या सेसना सायटेशन जेटमध्ये वैमानिक एकच होता. ३४ हजार फुटांकडे चढत असतानाच त्याचे उत्तर येणे थांबले. लाँग आयलंडवरून वळून विमान वॉशिंग्टनवरून तसेच पुढे गेले, एफ-१६ विमाने मागे धावली आणि शेवटी ते व्हर्जिनियाच्या डोंगरात कोसळले. चौघेही दगावले. केबिनचा दाब गेल्याने वैमानिक निकामी झाला, असे तपासाअंती ठरले. विमानात पूरक ऑक्सिजनची सोय नव्हती.

३५ हजार फुटांवर एकट्या वैमानिकाने मास्क लावूनच बसावे, असा अमेरिकी नियम आहे. पण तासन् तास मास्क! नियमाने तो नाकावर किती टिकतो, हे २०२०नंतर कोणाला सांगायला नको.

उपाय यंत्रातच हवा, आणि तो आहे. सिरसच्या व्हिजन जेटमध्ये २०२०पासून छताला एक बटण असते. वैमानिक कोसळला तर प्रवाशाने ते दाबायचे. विमान स्वतः धावपट्टी निवडते, उतरते आणि थांबते. एका वैमानिकाच्या प्रत्येक जेटला अशी सोय असल्याशिवाय प्रमाणपत्रच देऊ नये, असे माझे मत आहे. खर्च वाढेल, हा आक्षेप कोट्यवधींचे जेट घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. व्हेंटिलेटर घेताना ‘अलार्म हवा की नको’ असे आम्हाला कोणी विचारत नाही. ज्या जुन्या विमानांत ही सोय बसवता येत नाही, त्यांनी ३५ हजार फुटांवर जाताना दुसरा वैमानिक सोबत घ्यावा.