मार्करची रेघ आणि चारठाण्याचा स्तंभ

परमनंट मार्कर मुळात चित्रासाठी जन्मलेला नाही. खोक्यावर पत्ता घालणे, बरणीवर नाव लिहिणे ही त्याची कामे. अमेरिकेत सिडनी रोझेंथल यांनी १९५३ साली शाईच्या लहान बाटलीला नमद्याचे टोक बसवून ‘मॅजिक मार्कर’ बाजारात आणला. जपानच्या युकिओ होरिए यांचे तंतूंच्या टोकाचे पेन १९६२ चे, आणि ‘शार्पी’ १९६४ चा. महाराष्ट्रात चित्रकलेच्या साहित्याचे नाव निघाले की आठवतो तो कॅम्लिन. दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात शाईपासून सुरू केलेल्या या उद्योगाचे मार्कर आज गावोगावच्या स्टेशनरी दुकानांत मिळतात.

मार्करच्या शाईत रंग, राळ आणि स्पिरिटसारखा उडून जाणारा द्रव असतो. कंदिलाची वात रॉकेल ओढते तसे टोक ही शाई ओढून घेते. रेघ मारताच द्रव काही सेकंदांत उडतो आणि राळ रंगाला पृष्ठभागाशी घट्ट धरून ठेवते. म्हणून ती पाण्याने जात नाही. मात्र स्पिरिट लागले की राळ पुन्हा विरघळते आणि रंग मोकळा होतो. मार्करने करता येणारे सर्वांत सुंदर प्रयोग या एकाच गुणावर उभे आहेत.

सरावाला विषय हवा तर परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारखी जागा नाही. यादवकाळातली काळ्या पाषाणाची मंदिरे, बारव आणि नक्षीने भरलेला उंच स्तंभ या गावात आहे. दगडी कोरीवकामात राखाडी छटा शोधत बसावे लागत नाही. ऊन चढले की उठावाचा भाग उजळतो, खाच काळी होते आणि चित्राची अर्धी आखणी उन्हानेच केलेली असते. मार्करलाही फिकट-गडद कळत नाही; तो एक तर काळे करतो, नाही तर कागद पांढरा सोडतो. दोघांचा स्वभाव जुळतो.

कागदावर काम करताना रुंद, तिरप्या टोकाचा मार्कर घ्यावा. हे टोक छिन्नीच्या पात्यासारखे असते. आडवे धरले तर जाड पट्टा उमटतो, कडेवर फिरवले तर बारीक रेघ. स्तंभाचे थर आधी पेन्सिलीने हलके आखावेत, मग फक्त सावल्या भराव्यात. बाह्यरेषा काढूच नयेत. पांढरी कड सावल्यांच्या मधून आपोआप दिसू लागते. वहीच्या पातळ कागदावर शाई पसरते आणि मागच्या पानावर उतरते, तेव्हा जाड कार्डशीट वापरावे. थांबलेल्या हाताखाली मोठा ठिपका तयार होतो, त्यामुळे रेघ सुरू केली की एका दमात पूर्ण करावी.

याच्या उलट रीत काळ्या कार्डशीटवरची. इथे साधा मार्कर चालत नाही, पांढऱ्या रंगाचा पेंट मार्कर लागतो. त्यातला जड रंग तळाशी बसतो. पेन हलवले की आतली गोळी खडखडते आणि रंग एकजीव होतो. काळा कागद म्हणजे दगड समजून फक्त उजेडाच्या जागा उमटवायच्या. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढलेल्या वारली चित्रांचा सरावही अनेक जण याच पेनने करतात.

पण मार्करची खरी गंमत गुळगुळीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर कळते. तुकडा काळ्या मार्करने पूर्ण भरून घ्यावा. मग कापसाच्या काडीचे टोक स्पिरिटमध्ये बुडवून निथळून घ्यावे आणि जिथे उजेड हवा तिथे काळे पुसत जावे. एक थर, त्याखाली खाच, त्याखाली पाकळ्यांची ओळ अशी नक्षी काळ्यातून वर येते. नको ते काढून हवे ते ठेवणे हीच पाथरवटाची रीत, आणि ती हाताला कळायला याहून सोपा धडा नाही. काडी मळली की बदलावी, नाहीतर काढलेला रंग पुन्हा पसरतो.

कापडावर तोच गुण रंग पसरवण्यासाठी वापरतात. सुती कापड स्टीलच्या वाटीवर ताणून रबराने बांधावे, मधोमध मार्करचे ठिपके गोलात द्यावेत आणि त्या गोलाच्या मध्यावर स्पिरिटचे थेंब एकेक करून सोडावेत. धाग्यांमधून द्रव बाहेर सरकतो, रंगही सोबत ओढला जातो आणि पाकळ्या उमलतात. थेंबांची घाई केली तर सगळे एकमेकांत मिसळून जाते. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून दूर, उघड्या खिडकीशी आणि मुलांसोबत मोठ्यांनी बसून करावे. कापड पूर्ण वाळल्यावरच इस्त्री फिरवावी आणि पहिल्यांदा वेगळे धुवावे.

पारदर्शक प्लास्टिक शीट छायाचित्रावर ठेवून स्तंभाची रचना गिरवता येते. एका शीटवर थर आणि दुसऱ्यावर नक्षी काढून दोन्ही एकमेकांवर ठेवल्या की बांधणी समजते. मलेशियात जन्मलेले चित्रकार चिमिंग बोई यांनी तर थर्माकोलच्या साध्या कपांवर मार्करने बारीक चित्रे काढून नाव मिळवले.

‘परमनंट’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. बहुतेक रंगीत मार्करमधले रंग उन्हात विटतात. चित्र भिंतीवर लावायचे असेल तर थेट ऊन न येणारी जागा निवडावी, नाहीतर फाइलमध्ये ठेवावे आणि स्कॅन करून प्रत जपावी. पेनचे टोपण टक आवाज येईपर्यंत दाबावे.