मोजदादीबाहेरचे अडथळे

चिखल, दोर, उंच भिंती पार करत टोळीने धावायचे आणि सत्कार्यासाठी निधी जमवायचा, अशी ‘टफ मडर’ शर्यत अमेरिकेत २०१० साली सुरू झाली. तिथे घड्याळ नाही; मागे राहिलेल्याला हात देऊन वर घ्यायचे.

आपल्याकडे अशी शर्यत ऐन उन्हाळ्यात झाली. पानी फाउंडेशनच्या २०१९च्या वॉटर कपमध्ये बार्शी तालुक्यातले सुर्डी राज्यात पहिले आले. स्पर्धेच्या काळात गावाने श्रमदान केले. या स्पर्धेत गावोगावच्या बायाही उतरल्या, त्यांचे कौतुकही झाले. पण बाईचा दिवस टिकाव उचलण्याआधीच सुरू होतो. पाणी, शेणघाण, भाकरी. परतल्यावर पुन्हा चूल. खोदलेले घनमीटर मोजले गेले, हे कुणी मोजले? (सत्काराच्या चहालाही बायाच उठतात!)

बचत गटात श्रमदानाचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, सकाळच्या भाकरी कोण बडवणार? माझे म्हणणे, संघ बांधतानाच चुलीच्या पाळ्या लावा, पुरुषांसकट. हे ठरत नसेल, तर बायांची नावे यादीत घालायला मी तरी जाणार नाही.