चुइंगमला छडी, सुपारीला तबक

मंडळी, जुन्या भोपाळच्या आठवणी लिहायला बसलं की आपण सगळे एकाच सुरात लिहितो. न्यू मार्केट, रंगमहल टॉकीज, तात्या टोपे नगरचे सरकारी क्वार्टर, तलावावरचा पाऊस, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "काय शिस्त होती हो तेव्हा शाळेत!" आज माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. वाईट वाटलं तर वाटू द्या, पण पूर्ण वाचा.

१९८३ ची गोष्ट. मी नववीत. वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता आणि शेजारच्यांच्या टीव्हीसमोर अख्खी गल्ली जमायची. व्हिव्हियन रिचर्ड्स हेल्मेट न घालता, जबडा हलवत यायचा. झालं! आमच्या वर्गातली निम्मी पोरं चुइंगम चघळायला लागली. मुलींमध्ये मी एकटीच. भूमितीच्या तासाला सरांनी पकडलं. "तोंडात काय आहे?" हे विचारताना त्यांचे शब्द जरा लडबडले, कारण त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालात तंबाखूचा बार होता. सर खिडकीपाशी गेले, पिंक टाकली, रुमालाने तोंड पुसलं, परत आले आणि माझ्या दोन्ही हातांवर दोन-दोन छड्या दिल्या. वर्गात कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

सरांचं नाव लिहिणार नाही. माणूस चांगला होता, भूमिती तर अशी शिकवायचे की अजून प्रमेयं पाठ आहेत.

घरी कळलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हशीसारखं रवंथ करत बसायला लाज नाही वाटत?" हे म्हणताना ते तळहातावर तंबाखू मळत होते. आजी मिश्री लावून ओसरीवर बसली होती, तिनेही मान डोलावली. आमचे आजोबा १९५६ ला राज्य बदललं तेव्हा सरकारी नोकरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. नागपूर सुटलं, पण तिकडून येणारा प्रत्येक पाहुणा संत्र्याच्या बर्फीसोबत खर्‍याची पुडीही आणायचा. इथे आलो तर भोपाळ आधीच "जर्दा, पर्दा, गर्दा" म्हणून प्रसिद्ध! दोन्हीकडचं छान जमलं. आमच्या घरात सुपारीचा बटवा आणि चुन्याची डबी देव्हार्‍याच्या खालच्या फळीवर असायची.

म्हणजे प्रश्न काय चघळता हा नव्हताच. कोण चघळतं, एवढाच होता. मोठ्यांनी चघळलं तर सवय, पोरांनी चघळलं तर उद्धटपणा. याला तुम्ही शिस्त म्हणता?

सिगारेटचं सांगते. रंगमहलमध्ये पडद्याकडे जाणार्‍या प्रकाशाच्या झोतात धुराचे ढग तरंगायचे, आठवतं? भटसुअर टेम्पोत आठ जण कोंबलेले आणि ड्रायव्हरच्या ओठात विडी. आणि हे १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्रीनंतरसुद्धा! ज्या शहरात हजारो माणसांची फुफ्फुसं गॅसने जळली, त्या शहरात आपण खोकणार्‍या शेजार्‍याच्या खाटेशी बसून तब्येत विचारायचो आणि बोलता बोलता काडी ओढायचो. तेव्हा कुणी "जरा बाहेर जाऊन ओढा" म्हटलं असतं तर तोच आगाऊ ठरला असता.

ते बदललं, आणि आपोआप बदललं नाही. मुंबईच्या मुरली देवरांनी याचिका केली, नोव्हेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी घालायला सांगितलं, २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आणि २०० रुपयांपर्यंत दंड. तेव्हा आपल्यातलेच किती जण हसले होते! "हिंदुस्थानात हे चालणार आहे का?" चाललं की. अगदी पूर्ण नाही, पण आज आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये कुणी सिगारेट पेटवली तर दहा माना वळतील. चाळीस वर्षांपूर्वी हॉलमध्ये अ‍ॅशट्रे ठेवलेले असायचे.

पण एक गोष्ट आपण नीट पाहिली नाही. धूर दुसर्‍याच्या नाकात जातो, म्हणून आपण बोललो. चघळणारा स्वतःच्या गालात ठेवतो, म्हणून गप्प बसलो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले साधारण १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि धूर न काढता तंबाखू खाणारे २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. आपण लढाई जिंकली म्हणतोय, ती लहानी होती.

आता घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ. अख्ख्या नात्यात त्याचं कौतुक. "पोरगा सिगारेटला शिवत नाही!" खरंच शिवला नाही. आईच्या बटव्यातली सुपारी खायचा, कुणी अडवलं नाही. नव्वदच्या दशकात रुपयाची पुडी आली, तोंडाला वास नाही, धूर नाही, ऑफिसात कुणाला त्रास नाही. दिवसाला दोन, मग पाच, मग मोजणं सोडलं. पुढे पाणीपुरी तोंडात जाईना. आम्ही हसायचो, "अरे तोंड उघड की!" तोंड उघडत नव्हतं म्हणूनच जात नव्हती, हे आम्हाला ईदगाह हिल्सच्या कॅन्सर हॉस्पिटलात कळलं. मधल्या काळात तंबाखू सोडण्यासाठी डॉक्टरांनी त्याला निकोटिनचं चुइंगम दिलं होतं. मी माझ्या हाताने वेष्टन काढून द्यायचे. ज्यासाठी मला छड्या बसल्या, तेच शेवटी औषध म्हणून घरात आलं.

२०११ च्या दिवाळीआधी तो गेला. १ एप्रिल २०१२ ला मध्य प्रदेशने गुटख्यावर बंदी घातली, देशात सगळ्यात आधी. जुलैमध्ये महाराष्ट्राने. पेपर वाचून मी रडले. आणि मग कोपर्‍यावरच्या टपरीवर पाहिलं: पानमसाला वेगळ्या पुडीत, तंबाखू वेगळ्या पुडीत, दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या. गिर्‍हाईक दोन्ही फाडून एकत्र करतं. बंदी कागदावर राहिली, मिसळायचं काम तेवढं गिर्‍हाईकाकडे आलं.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मीसुद्धा पुढे शिक्षिका झाले आणि चुइंगम चघळणार्‍या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. त्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा वर्षभर तोंड मिटून बसायचा. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, "शांत व सुस्वभावी." त्याच्या गालात काय होतं ते शाळेच्या शिपायाला ठाऊक होतं, मला नाही. कायदा म्हणतो शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायचा नाही. फाटकात उभ्या राहून किती पावलं चाललं की पहिली टपरी लागते, हे आपापल्या नातवंडांच्या शाळेत जाऊन मोजा.

आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत. "आमचे आजोबा तंबाखू खाऊन नव्वद वर्षं जगले." जगले असतील. जे पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यांच्या नातवंडांना सांगायला आजोबाच नाहीत. "सुपारी आपली परंपरा आहे, गणपतीसुद्धा सुपारीचा मांडतो." मांडा ना! देवापुढची सुपारी कुणी चघळत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारी, तंबाखू न घालतासुद्धा, माणसाला कर्करोग करते असं सांगून वीस वर्षं उलटली. "सुपारीत काय आहे, तंबाखू थोडीच आहे" हे वाक्य माझ्या आईनेही म्हटलं होतं.

म्हणून या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी माझं म्हणणं स्पष्ट आहे. हॉलच्या दारातल्या स्वागताच्या तबकातून सुपारी आणि मसाल्याच्या पुड्या काढा. बडीशेप ठेवा, लवंग-वेलदोडा ठेवा, खडीसाखर ठेवा, पोरांसाठी चुइंगम ठेवलंत तरी चालेल. मागच्या वर्षी मंडपाच्या कमानीवर पानमसाल्याची जाहिरात होती आणि खाली आपली मुलं अथर्वशीर्ष म्हणत होती. ते पैसे नकोत. कमी पडतील ते वर्गणीतून काढू, माझी दुप्पट लिहा.

आणि एक काम आत्ताच करा. उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून पाहा. सहज जात नसतील तर उद्याच डॉक्टरांकडे जा. माझ्या भावाची दोनही जात नव्हती, आणि आम्ही त्याला पाणीपुरीवरून चिडवत होतो.