ओसरीवरून : बीदरची डबी

प्रवासास निघालेल्या मनुष्याच्या पाठीशीं घरांतील मंडळींची एक यादी असतेच, मग ती कागदावर लिहिलेली असो वा नसो. गेल्या माघांत आम्ही उभयतां जिंतुराहून परभणीस आलों आणि तेथून आगगाडीनें बीदरास गेलों. झरणी नरसिंहाचें दर्शन हा मुख्य हेतु. परंतु घरांत माझ्या व बंधूंच्या मिळून चार सुना, तेव्हां "प्रत्येकीस तिथली हातची वस्तु न्यावयाची," असें आमच्या कुटुंबानें आधींच बजाविलें होतें.

बिदरी काम आमच्या बाजूस परकें नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी व बीदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यांतच होते. माझ्या आजोळीं काळ्या अंगावर चांदीची वेल असलेलें एक पानदान होतें. पण तें होतें कसें, हें मीं साठी उलटल्यावर प्रथमच पाहिलें.

जस्त, म्हणजे आपल्या वैद्यकग्रंथांतील यशद, सोळा भाग व तांबें एक भाग असा रस करून मातीच्या सांच्यांत ओततात. वस्तु कानशीनें गुळगुळीत झाली, कीं मोरचुदाचें पाणी लावून ती तात्पुरती काळी करितात, म्हणजे वर ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीनें पाकळी न् पाकळी हातानें खोदावयाची, त्या खांचेंत चांदीची तार ठोकून बसवावयाची, आणि सर्व पृष्ठभाग पुन्हा घांसावयाचा. आतां चांदीही पांढरी व जस्तही पांढुरकें. केलेली सारी नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते! शेवटीं बीदरच्या जुन्या किल्ल्यांतील माती व नवसागर पाण्यांत कालवून तें तापविलेल्या वस्तूवर चोळतात. जस्त काजळासारखें काळें पडतें, चांदीस बाधा होत नाहीं. हा पालट समोर झाला तेव्हां कुटुंब बसल्या जागेवरून उठून पुढें आलें. चांगली माती कोणती, हें कारागीर जिभेला लावून ओळखतात. या कामास २००६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि त्यांतील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस २०२३ सालीं पद्मश्री.

आतां माझी गोष्ट. आम्ही गेलों त्या कारागिरानें सुपारीच्या डबीचे १८०० रुपये सांगितले. जन्मभर मुलांस श्रमाची थोरवी शिकविणारा मी, १२०० म्हणालों! तो शांतपणें म्हणाला, "मास्तरसाहेब, चांदी बाजारभावानेंच येते, कमी करावयाचें तें माझ्या मजुरींतूनच करावें लागेल." आणि त्यानें १५०० ला एक डबी दिली. उरलेल्या तीन मीं एका झगझगीत दुकानांतून घेतल्या. तेथें 'एकच भाव' अशी पाटी होती. प्रत्येकी ९०० रुपये निमूटपणें मोजले.

महिन्याच्या आंत धाकट्या सुनेच्या डबीवरील वेल नखाबरोबर निघूं लागली. तो रंग होता! डबी उचलतांना हलकी लागली, तेथेंच ध्यानांत यावयास हवें होतें. खरी डबी थोरल्या सुनेकडे गेलेली. एकत्र घरांत अशा गोष्टी कोणी बोलत नाहीं, परंतु भांडीं ठेवण्याच्या आवाजावरून त्या कळतात. अखेर सर्वांस ओसरीवर बोलावून घडलें तें सांगितलें. थोरलीनें आपली डबी मुकाट्यानें आणून मधोमध ठेवली.

कारागिराचा पत्ता पावतीवर होता. तीन डब्या मागविल्या, भाव विचारला नाहीं, आणि मागील ३०० रुपये वर जोडून पाठविले. डब्या यावयास दीड महिना लागला. त्यांस चिंच वा रांगोळी मुळींच लावावयाची नाहीं, मऊ फडक्यावर खोबरेल घेऊन पुसावयाचें, अशी ताकीद मीं घरांत दिली आहे.

त्याच पुडक्यांत, न मागितलेला, कुंकवाचा एक लहानसा करंडाही निघाला. तो चौघींपैकीं कोणाकडे जावा, याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.