स्थूलास औषध आहे काय?

गेल्या वैशाखात आमच्या थोरल्या पुतण्याचा मुलगा पुण्याहून किल्लारीस आला. पिशवीतील एक पेनासारखी वस्तू घाईघाईने फ्रिजमध्ये ठेविताना वहिनींनी त्यास पाहिले आणि हे काय म्हणून विचारले, तो मुलाचा चेहराच उतरला. वय २७, वजन ९८ किलो, लग्न जमावयाचे. ते वजन उतरविण्याचे इंजेक्शन होते. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचून घ्यावयाचे. आणि ते त्याने कोणाही डॉक्टरास न विचारता मित्राच्या ओळखीने मिळविले होते.

आमचा पहिला उद्गार मास्तरी वळणाचाच निघाला. ‘पहाटे उठून तासभर चालावे, म्हणजे सुईचे कामच काय?’ मुलगा एवढेच म्हणाला, ‘आजोबा, दोन वर्षे चाललो.’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून नंतर जे वाचले व जाणत्यांस विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थौल्याची कारणे दिली आहेत. अतिभोजन, गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही त्यांत आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीस बीजस्वभावही बसविला आहे. म्हणजे काही देहांची घडण आईबापांकडूनच आलेली असते. उपदेश करणारे नेमके हेच कारण विसरतात. आम्हीही विसरलो होतो. वाग्भटाने तर स्थूलतेपेक्षा कृशता बरी म्हटली, कारण स्थूलास औषध नाही असा त्याचा अभिप्राय.

बीजाची ही गोष्ट आजच्या शास्त्रासही ठाऊक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ, आत मेद, अशी आपल्या लोकांची जात. मग जो दिसावयासही जाड, त्याची थट्टा करण्यात वेळ घालविणे बरे नव्हे.

आता त्या सुईविषयी. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक द्रव्य निघते व पोट भरल्याची वर्दी मेंदूस देते. सेमाग्लूटाइड हे औषध त्याचीच नक्कल करते. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, आणि खोटी सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांस सारखाच होता. तेव्हा वाग्भटाचे म्हणणे आता दुरुस्त करावे लागेल, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

तथापि पुढचे पान वाचल्याशिवाय टाळी वाजवू नये. औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आले, असे त्याच चाचणीतील काही लोकांवर पुढे लक्ष ठेविले असता २०२२ मध्ये आढळले. मेदाबरोबर स्नायूही झिजतात. मळमळ, वांती, क्वचित पित्ताशयाचे खडे अथवा स्वादुपिंडाची सूज. मूल व्हावे अशी इच्छा असणाऱ्या स्त्रीने हे औषध निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. लग्नाच्या तयारीत कोणासही न सांगता सुई टोचून घेणाऱ्या मुलींस हे कोण सांगणार? याच जातीचे मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीस ४,३७५ रुपये पडत; महिन्याच्या चार कुप्यांचे १७,५०० झाले! परंतु सेमाग्लूटाइडच्या पेटंटाची मुदत आपल्या देशात मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने, किमतीचे कुंपण फार दिवस पुरणारे नव्हे.

बिनपैशाचा मार्ग आमच्या लातुरातूनच गावोगाव गेला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत असता डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दोन वेळच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा प्रचार केला. आमच्या घरी दोघांनी हे व्रत धरले. एकास गुण आला. दुसऱ्याचे दिवाळीच्या फराळात सुटले. एकत्र कुटुंबात दोन वेळच जेवू कोण देतो? पाहुण्यागणिक साखरेचा चहा, आणि नको म्हणणाऱ्यास ‘एवढ्याने काय होते?’ हा आग्रह. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली, रस्ते चांगले रुंद झाले. पण चालणारे मोटारसायकलीवर बसले.

मुलास आम्ही लातूरच्या एका डॉक्टरांकडे नेले. रक्तातील साखर वाढू लागली होती. त्यांनी सुई बंद केली नाही. आपल्या देखरेखीखाली घेतली, आणि डाळी, ताक व वजने उचलण्याचा व्यायाम तिच्याबरोबर जोडून दिला. सुई सुटेल तेव्हा हेच हाती राहावयाचे, असे ते म्हणाले. मग घरातल्यांसही त्यांनी बोलावून घेतले, व घरात या मुलास काय म्हणून हाक मारता, असे विचारले. ‘गणोबा’, आम्ही म्हणालो. डॉक्टर काही बोलले नाहीत. ती हाक त्या दिवसापासून बंद आहे.

परवा तो पुन्हा आला होता. वजन ८९ किलो. दुसरी पोळी वाढण्यापूर्वी वहिनी थांबल्या आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागल्या. त्याने मान हलविली. त्यांनी पोळी डब्यात परत ठेविली, पण तो हात धुऊन उठेपर्यंत झाकण काही लावले नाही.