तिच्या नावाची मूठ

सुरतेत शरद ऋतू खाण्यापिण्याच्या पंचांगाने येतो. नवरात्रात दिवसा उपास आणि रात्री गरबा, मग कोजागरी, तिच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडवा आणि तुपाने माखलेली घारी, आणि पाठोपाठ आपला दिवाळीचा फराळ. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, असं सांगणारं हे शहर. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या माणसांनी त्यात शेवभाजी, भरीत आणि कळण्याच्या भाकरीची भर घातली. अशा या शहरात तरुण मुली ताटाला भिऊ लागल्या आहेत. यंदाचा अंक तुमच्या हाती देताना मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

त्यांच्यातली एक जेवायला बसते. पोळीचे बारीक बारीक तुकडे करते, भाजी ताटभर पसरते, वरणभात नुसता कालवत राहते. सगळ्यांच्या आधी उठते आणि आपलं ताट आपणच घासून ठेवते. आईला वाटतं, पोरीला कामाचं वळण लागलं. जेवणानंतर न्हाणीघरातला नळ इतका वेळ का वाहतो, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तरं तयार असतात. दुपारी ऑफिसात जास्त झालं, अ‍ॅसिडिटी झाली आहे, आज माझा गुरुवार आहे. घरात कुणालाच ती खोटी वाटत नाहीत, कारण याच घरात ती लहानपणापासून अशीच उत्तरं ऐकत आली आहे. तिची आई सगळ्यांच्या मागून जेवते, उरलंसुरलं खाते आणि ‘मला भूकच नव्हती’ म्हणते. बाईने कमी खाल्लं की तिचं कौतुक होतं. मग मुलीचं न जेवणं आजार आहे हे ओळखायचं कुणी?

१९९५ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुण मुलींची हकिकत प्रसिद्ध केली. जेवण नाकारणं, सततच्या उलट्या, झपाट्याने उतरलेलं वजन, थांबलेली पाळी हे सगळं होतं. पण आपण जाड दिसतो असा भ्रम, जो पाश्चात्त्य वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराची खूण मानला जात होता, तो त्यांच्यात नव्हता. म्हणजे आपल्याकडची मुलगी ‘मी जाड आहे’ असं कदाचित कधीच म्हणणार नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, घशाखाली उतरत नाही, एवढंच म्हणेल. ‘आमची काही मॉडेल व्हायला निघालेली नाही’ असं म्हणून ज्या घरांनी हा विषय बाजूला सारला, त्यांनी या पाच मुली लक्षात ठेवाव्यात.

जाड दिसण्याची भीती मात्र आता आपल्या गल्लीतही आली आहे. ती किती वेगाने येते याचं उदाहरण फिजी बेटांवर सापडतं. तिथे भरलेलं अंग हे सुखवस्तू घराचं लक्षण मानलं जाई. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला, तेव्हा वजनासाठी उलट्या काढणारी एकही शाळकरी मुलगी संशोधक अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. तीन वर्षं आणि एक टीव्ही! आज मोबाइल तर मुलीच्या उशाशीच असतो.

सुरतेत यात आणखी एक गोष्ट मिसळते, कापडाची. या शहराने देशाला साड्या नेसवल्या. साडीला माप नसतं. आजीची साडी नातीला होते. ब्लाऊज शिवतानाही शिंपी आतल्या बाजूला दोन बोटं माया सोडायचा, बाईचं अंग कमीजास्त व्हायचंच हे धरून. आता कुर्ती, गाऊन, तयार चणिया-चोळी यांच्यावर मापाचं लेबल असतं, आणि मुलगी त्या लेबलात मावायला बघते. नवरात्राच्या दीड महिना आधी तिचं जेवण सुटतं. रिंग रोडच्या मार्केटमध्ये नोकरी करणाऱ्या मुलींपैकी काहींना नवा माल अंगावर घालून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं. तिथे अंगकाठीवरून सहज काहीबाही बोललं जातं. गावाहून आलेली आजी कळवळून म्हणते, ‘कितली वाळी गई वं पोरी!’ आणि त्याच संध्याकाळी जिन्यात भेटलेली गुजराती शेजारीण डोळे मोठे करून कौतुकाने म्हणते, ‘केटली पातळी थई गई!’ मुलीला दुसरं वाक्य रात्रभर पुरतं. पुढे स्थळं येऊ लागली की ‘सडपातळ’ हा शब्द बायोडेटात आईबापच लिहितात.

उपाशी राहणारी मुलगी रात्री एकटीच डबे उघडून भराभरा खाते, तेव्हा तिला स्वतःची किळस येते आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी कडक उपास धरते. यात तिच्या मनाचा दुबळेपणा नसतो, हे मला ठासून सांगायचं आहे. शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट पुरुष स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते पुरुष दिवसरात्र जेवणाचा विचार करू लागले, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुन्हा अन्न मिळालं तेव्हा काहींना किती खावं ते कळेना. भूक सगळ्यांशी असंच वागते. रिकाम्या पोटी तासन् तास पदार्थांचे रील पाहणारी आपली मुलगी त्यांच्यापेक्षा वेगळी नाही.

आणि आपल्याकडच्या बायकांचं शरीर आधीच रिकामं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. साधारण एक चतुर्थांश स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक, आणि जवळपास तितक्याच वजनदार. या दुसऱ्या गटातल्या मुलीचं दुखणं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. पीसीओडीसाठी डॉक्टरांकडे गेलं की वजन उतरवा म्हणतात. ते कशाने उतरलं हे विचारायला कुणाला वेळ नसतो. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे बारीक-जाड कुठल्याही अंगाला होतं.

उपासाला माझा विरोध नाही. शेजारच्या जैन घरात मुलगी अठ्ठाई करते, आठव्या दिवसानंतर सगळं घर जमून तिला पारणं करवतं. आईने एवढंच पाहावं, की आपल्या मुलीच्या उपासाला पारणं आहे का? उपास सुटल्यावर ती चारचौघांत बसून आनंदाने जेवते का?

श्रावणात आपल्या खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून घेतात, आणि तो रोट घरच्यांनीच संपवायचा असतो. अन्नात प्रत्येकाचा वाटा नावानिशी धरण्याची इतकी सुंदर रीत मी दुसरी पाहिली नाही. काही कुळांत मात्र त्या मुठी फक्त पुरुषांच्या नावाने घेतल्या जातात. पुढच्या श्रावणात मुलींच्या नावाचीही मूठ घ्यावी, अशी या अंकातर्फे मी हात जोडून विनंती करतो. कानबाई स्वतः बाई आहे, ती रागावणार नाही.

यंदाच्या अंकात वजन उतरवण्याच्या चूर्णांच्या, चहांच्या आणि पट्ट्यांच्या जाहिराती आम्ही घेतलेल्या नाहीत. फराळाच्या पाककृती आहेत, भरपूर तुपाच्या. पदार्थात किती उष्मांक ते कुठेही छापलेलं नाही. घरात कुणाची पाळी महिनोन् महिने चुकत असेल, केस गळत असतील, भर उन्हाळ्यात थंडी वाजत असेल, जेवण झालं की ती रोज दार लावून घेत असेल, तर तिच्या वजनाविषयी अवाक्षर न काढता तिच्याशी बोला. ताटावर पहारा बसवू नका, जबरदस्तीने घास भरवू नका. आधी फिजिशियनकडून रक्ताची तपासणी आणि ईसीजी करून घ्या, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात आणि महापालिकेच्या स्मिमेर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत.