ही झोप नव्हे, झोपेचे सोंग!

कंटेनर इमेजमधल्या सुरक्षा त्रुटींची दुरुस्ती उपलब्ध आहे, ती फुकट आहे, ती कशी करायची हे कंपनीत काल लागलेल्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही ती होत नाही! याला हलगर्जीपणा म्हणणे म्हणजे दोषींना पाठीशी घालणे होय. ही उघड्या डोळ्यांनी केलेली बेपर्वाई आहे.

इमेज कशी बांधायची हे सांगणारी डॉकरफाइल उघडा. कित्येक ठिकाणी आजही पहिली ओळ दिसेल: ‘फ्रॉम डेबियन बस्टर’. बस्टर या जुन्या आवृत्तीची दीर्घकालीन देखभालसुद्धा डेबियनने ३० जून २०२४ रोजी थांबवली. तरी त्याच बेस इमेजवर रोज नवे फीचर चढते आणि दिमाखात प्रॉडक्शनला जाते. त्रुटी शोधणारा स्कॅनर कानीकपाळी ओरडतो. मग हे कारभारी काय करतात? इमेज बदलत नाहीत. तक्रारच ‘इग्नोर’ यादीत ढकलतात! अहवाल हिरवा, साहेब खूश, ग्राहक वाऱ्यावर.

काही बहाद्दर चालत्या कंटेनरमध्ये शिरून अपग्रेड मारतात आणि मिशीला पीळ देतात. अहो, तो कंटेनर पडला की त्याच्या जागी नवा उभा राहतो तो जुन्याच इमेजमधून! दुसरे काही जण नुसतेच बिल्ड पुन्हा चालवतात, तर कॅशमधले शिळे लेयर जसेच्या तसे परत येतात. ताजी बेस इमेज ओढा, कॅश टाळून बिल्ड करा, चाचण्या घ्या, जुने कंटेनर उतरवा. बाकी सारी धूळफेक!

‘एवढ्याने काय आभाळ कोसळणार?’ असे विचारणाऱ्यांनी एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचा पंचनामा वाचावा. तिथे गोष्ट कंटेनरची नव्हती, रोग मात्र हाच होता. तिथे वापरात असलेल्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली. मे महिन्यात चोर त्याच भगदाडातून शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती लुटली गेली. माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी अमेरिकी काँग्रेससमोर जबाबदारी आपली म्हणता म्हणता बोट दाखवले ते निरोप न पोहोचवणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे! एका माणसाच्या विसरण्यावर कोट्यवधींची सुरक्षा टांगणारी व्यवस्था कोणी उभारली होती?

आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड कंपनीच्या तिजोरीतून जातो, कारभाऱ्यांच्या खिशातून नव्हे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: इग्नोर यादीतल्या प्रत्येक नोंदीखाली कारण, मुदत आणि संचालकाची सही हवी. सही करताना हात कापतो? मग मुकाट्याने इमेज बदला!